कॅबिनेटचा फॅन रंग बदलतो, तो कशाच्या जोरावर?

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी फॅन घ्यायला गेलं की एकाच मापाच्या, सारख्याच दिसणाऱ्या खोक्यांवर तीन वेगळे शब्द छापलेले दिसतात: फिक्स्ड आरजीबी, आरजीबी आणि एआरजीबी. काउंटरवर विचारलं तर बहुतेकदा "सगळे लाइटवालेच आहेत, कुठलाही घ्या" एवढंच उत्तर मिळतं. घरी आल्यावर मात्र प्लग मदरबोर्डला बसत नाही. जोर लावून भलत्याच जागी बसवला, तर दिवे एकदाच लागतात आणि कायमचे जातात.

हा गोंधळ सोडवायचा सोपा मार्ग म्हणजे असा एक फॅन स्वतः जोडून बघणं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा लागत नाही. सोल्डरिंग येत असेल आणि मल्टिमीटर हाताळता येत असेल तर पुरे. जोडता जोडता एक प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि तो मला रंगांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो: रंग बदलायचा, पण कशावरून?

## तीन नावांचा उलगडा

आरजीबी म्हणजे रेड, ग्रीन, ब्लू. फिक्स्ड आरजीबीमध्ये रंग बदलणारी चिप फॅनच्या आतच असते. वीज मिळाली की ठरलेला खेळ सुरू, तुमच्या हाती काही नाही. आरजीबीचा प्लग चार पिनचा आणि 12 व्होल्टचा: एक पिन विजेची, बाकी तीन हिरव्या, लाल आणि निळ्याच्या. यात फॅनवरचे सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात.

एआरजीबी, म्हणजे अ‍ॅड्रेसेबल आरजीबी (प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येणारा), 5 व्होल्टवर चालतो. त्याच्या तीन पिनांपैकी एक वीज, एक ग्राउंड आणि एक निरोपाची. इथे प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते. पंगतीत लाडवांचं ताट हातोहात पुढे सरकतं, प्रत्येक जण आपला एक उचलतो आणि उरलेलं ताट शेजाऱ्याकडे देतो, तसं इथे चालतं. डब्ल्यूएस2812बी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एलईडीत प्रत्येक दिवा आलेल्या माहितीतले पहिले 24 बिट स्वतःसाठी ठेवतो (प्रत्येक रंगाला 8) आणि बाकीचे पुढच्या दिव्याला पाठवतो. म्हणून एकाच फॅनवर एक दिवा लाल तर शेजारचा हिरवा दिसू शकतो. या नाजूक चिपांना 5 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले की खेळ खलास. दिवे जातात ते असे.

आपण बनवणार आहोत तो दुसरा प्रकार, म्हणजे सगळे दिवे एका रंगाचे. फक्त वीज 5 व्होल्टची घेऊ आणि हुकूम मदरबोर्डचा नसेल, आपला असेल.

## एलईडी रंग बदलत नाही

ऐकायला विचित्र वाटेल, पण एलईडीची चिप रंग बदलूच शकत नाही. ती ज्या पदार्थाची बनली आहे, त्यावर तिचा रंग कायमचा ठरलेला असतो. रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पोटात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन चिपा शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. बाहेर चार पाय येतात, त्यातला सगळ्यात लांब पाय तिघींचा सामायिक.

बाकीची करामत आपल्या डोळ्याची. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. लाल आणि हिरवा प्रकाश एकदम पडला की मेंदू त्याला पिवळा म्हणतो, खरा पिवळा प्रकाश तिथे नावालाही नसताना. दुकानात पारदर्शक काचेचा आणि दुधी काचेचा असे दोन आरजीबी एलईडी मिळतात. दुधी घ्या. पारदर्शक एलईडीत तीन चिपांचे तीन ठिपके वेगळे दिसतात आणि मिश्रण नीट होत नाही. पारदर्शकच हाती आला, तर बारीक पॉलिश पेपरने त्याचं डोकं घासून काढा. काम भागतं.

तिन्ही चिपांना लागणारा व्होल्टेज मात्र सारखा नाही. लाल चिप साधारण 2 व्होल्टला पेटते, हिरवी आणि निळी तीनच्या थोडं वर. निळ्या प्रकाशाच्या एका कणात लाल कणापेक्षा जास्त ऊर्जा असते, म्हणून तो बाहेर काढायला रेटाही जास्त लागतो. एवढी ऊर्जा देणारा पदार्थ नीट बनवता येत नव्हता, म्हणून निळा एलईडी बनवणं महाकठीण होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये करून दाखवला. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी यायला 1990चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जुन्या टेपरेकॉर्डरवर फक्त लाल-हिरवे ठिपके का असायचे, याचं उत्तर यात आहे.

एलईडीला स्वतःचा करंट आवरता येत नाही. व्होल्टेज जरासा वाढला तरी करंट भसकन वाढतो आणि चिप जळते. म्हणून प्रत्येक चिपेसोबत एक रेझिस्टर हवाच, आणि त्याचा हिशोब शाळेतलाच. वीज 5 व्होल्ट, लाल चिप घेते 2, उरले 3. करंट 15 मिलिअँपिअर हवा असेल तर 3 भागिले 0.015, म्हणजे 200 ओहम. बाजारात 220 मिळतो, तो घ्या. हिरव्या-निळ्यासाठी उरतात 1.8 व्होल्ट, म्हणून 120 ओहम.

चार दिव्यांच्या लाल चिपांना मिळून एकच रेझिस्टर लावायचा मोह होतो. तसं करू नका. कुठल्याही दोन चिपा हुबेहूब सारख्या नसतात. जिला किंचित कमी व्होल्टेज पुरतो, ती बाकीच्यांचा करंटही ओढून घेते. चार दिवे, तीन रंग, बारा रेझिस्टर.

## वीज फॅनच्या वायरीतून का नको?

फॅनला वीज येतेच आहे, तिथूनच दिव्यांना फाटा काढला तर काय बिघडलं? घरगुती जोडणी इथेच फसते. तीन पिनच्या फॅनचा वेग कमी करायला मदरबोर्ड त्याचा व्होल्टेजच कमी करतो. 12चे 7 झाले की फॅन मंदावतो आणि दिवेही मिणमिणतात. चार पिनच्या फॅनला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि वेगाचा हुकूम चौथ्या पिनवरून येतो, त्यामुळे तिथे हे होत नाही. पण मदरबोर्डच्या फॅन पिनेला साधारण 1 अँपिअरची मर्यादा असते. तिच्यावर उगाच भार कशाला टाकायचा?

म्हणून वीज थेट एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनी मोलेक्स प्लगमधून घ्यायची. त्यात पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5 व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंड. आपल्याला लाल आणि एक काळी पुरे. 12 व्होल्ट घेतले तर लाल चिपेच्या वाट्याला 2 येतात आणि उरलेले 10 व्होल्ट रेझिस्टर तापवण्यात जातात.

एक सावधगिरी. मोलेक्समधली पिवळी वायर 12 व्होल्टची. चार पिनी फॅनची पिवळीही बहुधा 12 व्होल्टची. पण तीन पिनी फॅनमध्ये बऱ्याचदा लाल वायर 12 व्होल्टची असते आणि पिवळी वेग मोजणाऱ्या सिग्नलची. वायरीच्या रंगावर विसंबू नका, मीटर लावून बघा.

## उजेड कमी-जास्त कसा होतो

जांभळा हवा असेल तर लाल आणि निळा दोन्ही हवेत, पण कुठला किती? एलईडी मंद करायचा नेहमीचा उपाय म्हणजे त्याला फार वेगाने चालू-बंद करत राहणं. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद, की डोळ्याला निम्मा उजेड पोचतो. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, थोडक्यात पीडब्ल्यूएम. आर्डुइनो नॅनोसारखा, प्रोग्रॅम घालता येणारा बोटाएवढा बोर्ड हे काम करतो. 0 ते 255 मधला आकडा दिला की तेवढ्या प्रमाणात पिन चालू राहते.

डोळा मात्र सरळ हिशोबाचा नाही. 255च्या निम्मा म्हणून 128 दिला तर दिवा निम्मा दिसत नाही, जवळजवळ पूर्ण पेटल्यासारखा वाटतो. निम्मा दिसायला साधारण 55 पुरतो. म्हणून रंग एकातून दुसऱ्यात अलगद जावा असं वाटत असेल, तर आकडा समान पायऱ्यांनी वाढवून चालत नाही. सुरुवातीला अगदी बारीक पावलं आणि पुढे मोठी, अशी चढण ठेवावी लागते.

## सात पात्यांची एकवीस का दिसतात?

हा प्रकार पहिल्यांदा पाहणारा फॅन बिघडला असंच समजतो. दिवे मंद केले की फिरणारा फॅन जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, पातीही भलतीच जास्त. कधी ती उलटी, संथ फिरताना दिसतात.

फॅनला 7 पाती आहेत आणि तो मिनिटाला 1400 फेरे घेतो असं धरा. सेकंदाला 23.33 फेरे, म्हणजे एखाद्या ठरावीक जागेवरून सेकंदाला 163.33 पाती जातात. नॅनोच्या बहुतेक पिना सेकंदाला साधारण 490 वेळा चालू-बंद होतात. 490 भागिले 163.33, उत्तर बरोबर 3. एक पातं पुढच्या पात्याच्या जागी पोचेपर्यंत दिवा तीनदा लुकलुकतो, आणि प्रत्येक वेळी पाती त्याच तीन जागांवर सापडतात. सात त्रिक एकवीस, सगळी स्थिर! वेग थोडा कमी-जास्त झाला की ही भुताटकीची पाती हळूहळू सरकायला लागतात.

गंमत म्हणून छान आहे, पण रोज डोळ्यासमोर नको. उपाय सोपा आहे. नॅनोच्या 9, 10 आणि 11 क्रमांकाच्या पिनांमागच्या टायमरांची गती प्रोग्रॅममधून वाढवता येते. टायमरचा वेग घटवणारा भाजक, म्हणजे प्रीस्केलर, 1 केला की पीडब्ल्यूएम सेकंदाला सुमारे 31,000 वेळा चालतो आणि पाती पुन्हा पात्यांसारखी दिसू लागतात. फॅनच्या चौथ्या पिनवरचा हुकूमसुद्धा 25,000च्या आसपास ठेवलेला असतो, पण वेगळ्या कारणाने. माणसाचा कान साधारण 20,000 पर्यंतच ऐकतो, त्यामुळे मोटरची शीळ ऐकू येत नाही.

## रंग कशावरून बदलायचा?

आता मूळ प्रश्न. वेळेनुसार रंग बदलत ठेवणं सोपं आहे, आणि ते बघायला आठवडाभर बरंही वाटतं. त्यानंतर त्या दिव्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यापेक्षा दिव्याला काहीतरी सांगायला लावावं. फॅनचं काम उष्णता बाहेर टाकणं, तर ते काम कसं चाललंय हे रंगाने सांगावं.

सुचणारा पहिला उपाय म्हणजे मागच्या फॅनपाशी थर्मिस्टर बसवायचा. तापमान वाढलं की त्याचा विरोध कमी होतो. 10 किलोओहमचा साधा थर्मिस्टर 25 अंशांना 10 किलोओहम असतो आणि 50 अंशांना साधारण साडेतीनवर येतो. 30 अंशांपर्यंत निळा, 45च्या पुढे लाल, असं ठरवलं की झालं.

नाही झालं. नागपुरात मे महिन्यात खोलीतच 40 अंश असतात. कॉम्प्युटर नुसता चालू करून ठेवला तरी फॅन लालबुंद. उलट डिसेंबरच्या पहाटे तोच कॉम्प्युटर गुदमरत असला तरी दिवा निळाच राहील. एका जागेचं तापमान मोजून हवामान कळतं, कॉम्प्युटरची तब्येत कळत नाही. कळायला हवा तो फरक: आत येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा यांतला.

हा फरक बरंच काही सांगतो. मिनिटाला 50 घनफूट हवा कॅबिनेटमधून जात असेल आणि आतले भाग मिळून 300 वॅट उष्णता देत असतील, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण 11 अंशांनी गरम असते. खोली थंड असो की तापलेली, हा फरक जवळपास तेवढाच राहतो. पुढच्या जाळीवर धूळ बसून हवा निम्मी झाली, की तेवढ्याच कामाला फरक दुप्पट होतो.

मग दोन थर्मिस्टर घ्यायचे, दोन वेगळी तापमानं काढायची आणि वजाबाकी करायची? त्याचीही गरज नाही. दोन्ही थर्मिस्टर एकामागे एक जोडा. वरचं टोक 5 व्होल्टला, खालचं ग्राउंडला, मधला सांधा नॅनोच्या ए0 पिनला. वरचा थर्मिस्टर मागच्या फॅनपाशी, खालचा पुढच्या जाळीपाशी. दोघांचं तापमान सारखं असेल तर दोघांचा विरोधही सारखा, म्हणून सांध्यावर बरोबर निम्मे, अडीच व्होल्ट. मागची हवा 10 अंशांनी गरम झाली की वरच्याचा विरोध घटतो आणि सांधा साधारण 3 व्होल्टवर चढतो. पुढे 30 आणि मागे 40 अंश असोत, की पुढे 42 आणि मागे 52, सांधा दोन्ही वेळा 3 व्होल्टच्या आसपासच सापडतो. वजाबाकी ही जोडणीच करून देते. एसएमपीएसचे 5 व्होल्ट थोडे खालीवर झाले तरी बिघडत नाही, कारण नॅनो मोजताना त्याच 5 व्होल्टशी तुलना करतो. या संपूर्ण सर्किटमधला हा दोन पार्टांचा तुकडा मला सगळ्यात आवडतो.

नॅनो 0 ते 5 व्होल्टचे 0 ते 1023 आकडे करतो. फरक शून्य असेल तर 512, पाच अंशांना 565च्या आसपास, पंधरा अंशांना 660. म्हणून 560च्या खाली निळा, 610ला हिरवा, 660च्या वर लाल, आणि मधल्या जागा दोन रंगांच्या मिश्रणाने भरायच्या. थर्मिस्टर स्वस्तातले असले तर त्यांच्यात अंशभराचा फरक निघू शकतो. बसवण्याआधी दोन्ही एकत्र टेपने बांधून अर्धा तास टेबलावर ठेवा. आकडा 512च्या ऐवजी 520 आला, तर पुढे प्रत्येक मोजणीतून 8 वजा करा. एका मोजणीवर रंग ठरवू नका. पाचपंचवीस मोजण्यांची सरासरी घेतली की दिवा थरथरत नाही.

## जोडणी

नॅनोची पिन 20 मिलिअँपिअरच्या पुढे ताणू नये, आणि चार दिव्यांच्या एका रंगाला 60 लागतात. म्हणून मधे ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा पार्ट. बीसी547 कुठेही मिळतो आणि 100 मिलिअँपिअर झेलतो. असे तीन, प्रत्येक रंगाला एक. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला, बेस 1 किलोओहममधून नॅनोच्या पिनला, कलेक्टर त्या रंगाच्या चार रेझिस्टरांच्या सामायिक टोकाला. रेझिस्टरांची दुसरी टोकं एलईडीच्या पायांना. एलईडी कॉमन अ‍ॅनोड घ्यायचे, म्हणजे लांब पाय 5 व्होल्टला जातो. नॅनोची वीजही त्याच लाल वायरीतून, त्याच्या 5व्ही पिनला.

सगळं एका झिरो पीसीबीच्या (पार्ट सोल्डर करायच्या भोकांच्या पट्टीच्या) तुकड्यावर मावतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हा सगळा माल एका फेरीत मिळतो.

फॅन निवडताना पाती दुधी किंवा पारदर्शक असावीत. काळी पाती उजेड गिळून टाकतात, मग कितीही दिवे लावा. 120 मिलिमीटर फॅनच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत, स्क्रूची भोकं सोडून, 5 मिलिमीटरचं भोक आतल्या बाजूला तिरकं पाडा. एलईडीचं डोकं चौकटीच्या आत डोकावता कामा नये, पात्यांची टोकं तिथून अगदी जवळून जातात. ग्लू गनचा एक थेंब, सांध्यांवर हीट श्रिंक ट्यूब, आणि बसवण्याआधी पातं हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघणं.

## "मदरबोर्ड जळाला तर?"

या जोडणीत मदरबोर्डला आपण हात लावलेला नाही, तरी शॉर्टची भीती रास्त आहे. 5 व्होल्टचा शॉक बसत नाही, पण एसएमपीएस त्या लाल वायरीतून 15-20 अँपिअर सहज देऊ शकतो, आणि तेवढ्याने बारीक वायरचं आवरण वितळतं. लाल वायर बोर्डवर येते तिथेच 500 मिलिअँपिअरचा फ्यूज घाला. आपली सगळी गरज 200-250ची आहे. नॅनोत प्रोग्रॅम घालताना मोलेक्स काढून ठेवा आणि फक्त यूएसबी लावा. कॅबिनेटमध्ये बसवताना भिंतीवरचा प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

दिव्यांमुळे उष्णता वाढेल का, हाही प्रश्न येतो. तिन्ही रंग पूर्ण पेटले तरी सगळे दिवे मिळून 1 वॅटच्या आत. 300 वॅटपुढे ते जमेतही नाही.

## "तापमान तर सॉफ्टवेअरही दाखवतं"

दाखवतं, पण प्रोसेसरचं. गेम सुरू असताना तो 80 अंशांवर असेल आणि मागची हवा 40ला, तर दोन्ही आकडे खरेच आहेत आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळली की प्रोसेसर तापतो, आपला फॅन मात्र निळा किंवा हिरवाच राहतो, कारण हवेत जाणारी उष्णता तेवढीच असते. उलट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरचं काम रोजचंच आहे आणि फॅन मात्र हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल होत चाललाय, तर दोष हवेच्या वाटेत. आधी पुढची जाळी काढून झटका.

## "एवढं करण्यापेक्षा तयार फॅन घेऊ"

नुसती रोषणाई हवी असेल तर जरूर घ्या. एआरजीबी फॅनसारखी रंगांची लहर या चार दिव्यांतून उठणार नाही, आणि चौकटीला भोकं पाडली की फॅनची वॉरंटीही गेली. भोकं नकोत पण तापमानाचा रंग हवा, तर तयार एआरजीबी फॅन आणि हेच दोन थर्मिस्टर यांची जोडी जमते. तीन ट्रान्झिस्टर आणि बारा रेझिस्टर गळतात, त्यांच्या जागी नॅनोची एक पिन 330 ते 470 ओहममधून फॅनच्या निरोपाच्या पिनला जाते. विजेला मात्र नवा हिशोब करा. असा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो, त्यामुळे फॅनवरचे एलईडी मोजायचे, 60ने गुणायचं आणि फ्यूज त्यानुसार बदलायचा.